दिवा नाही, 'टिक्' नाही: होम थिएटरचा रिसीव्हर मेला म्हणतात तेव्हा आत काय झालेलं असतं

रामबागेत आमच्या काकांकडे मागच्या आठवड्यात रात्री लाइट तीनदा गेली आणि आली, इंदूरला पहिल्या मोठ्या पावसात जाते तशीच, आणि शेवटची आली तेव्हा फ्रिज सुरू झाला, पंखे फिरायला लागले, टीव्हीसुद्धा लागला, पण होम थिएटरचा रिसीव्हर काही उठला नाही. समोरचा बारीक लाल दिवा पण नाही. काका रोज जेवणानंतर तासभर कुमारजी नाहीतर अमीर खांसाहेब ऐकतात, वर्षानुवर्षांचा नेम आहे, त्यामुळे घरात सुतक असल्यासारखं वातावरण झालं. दुसऱ्या दिवशी डबा एका दुकानात नेला तर तिथे झाकण न उघडताच सांगितलं की पॉवर सप्लाय उडालाय, बोर्ड बदलावा लागेल, बोर्ड आता मिळत नाही, नवाच घ्या.

पावसाळ्यात असे फोन मला बरेच येतात. आणि "सप्लाय उडाला" हे शब्द ऐकले की लोक गप्प होतात, कारण पुढे काय विचारायचं तेच माहीत नसतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. डॉक्टरने नुसतं "पोटात गडबड आहे" म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का? अपेंडिक्स की ॲसिडिटी ते विचारूच ना? इथे पण तसंच विचारता आलं पाहिजे.

रिसीव्हर म्हणजे तो जड डबा जो टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, सीडी, मोबाइल या सगळ्यांचा आवाज आत घेतो, मोठा करतो आणि पाच-सात स्पीकरना देतो. आणि पॉवर सप्लाय म्हणजे त्याच्या पोटातला तो भाग जो भिंतीतल्या विजेला आतल्या नाजूक सामानाला झेपेल अशी करून देतो.

नर्मदेचं पाणी आणि भिंतीतली वीज

इंदूरकरांना हे समजायला सोपं आहे. नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटर, घाट चढून आपल्याकडे येतं, पण ते त्याच जोराने थेट बेसिनच्या नळाला येत नाही, तसं आलं तर नळच उडून जाईल. आधी कॉलनीच्या मोठ्या टाकीत, मग एक दिवसाआड आपल्या हौदात, तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत, आणि मग कुठे बारीक धारेने नळाला.

भिंतीतली वीज २३० व्होल्टची आणि ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे हेलकावे खाते. रिसीव्हरला हवी असते एकाच दिशेने शांतपणे वाहणारी, म्हणजे डीसी. मग पहिलं काम ट्रान्सफॉर्मरचं, तो जोर कमी करतो (डबा जड असतो तो मुख्यतः याच लोखंड-तांब्यामुळे). दुसरं काम रेक्टिफायरचं, चार डायोडची चौकट, प्लंबर ज्याला एनआरव्ही म्हणतो तसली एकतर्फी झडप समजा, पाणी एकाच बाजूला जाऊ देते. तिसरं काम मोठ्या कपॅसिटरचं, ज्याला आपले मेकॅनिक अजून कंडेन्सर म्हणतात आणि मी पण तेच म्हणणार, ही गच्चीवरची टाकी. रेक्टिफायरमधून वीज धक्क्याधक्क्याने येते, सेकंदाला १०० धक्के, आणि टाकी भरलेली असली की खाली नळाला ते धक्के कळत नाहीत. शेवटी रेग्युलेटर नावाचे छोटे भाग, जे बरोबर ५ व्होल्ट, बरोबर १२ व्होल्ट असं मापून देतात.

टाकीला चीर गेली, पाणी टिकेना, तर नळ धडधडायला लागतो. कंडेन्सर म्हातारा झाला की स्पीकरमधून येणारी 'हूंऽऽ' अशी घरघर ही तीच धडधड, १०० हर्ट्झची. हीच घरघर जास्त खोल, ५० हर्ट्झची असेल तर बहुतेक वेळा दोष वायरिंगचा किंवा अर्थिंगचा असतो, सप्लायचा नाही. कानाला सवय लागली की फरक कळतो, दुसरी पहिलीच्या बरोबर एक सप्तक खाली असते, तंबोऱ्याच्या खर्जाच्या आणि जोडीच्या तारेत असतं तेवढं अंतर.

एका डब्यात दोन सप्लाय असतात

हे कळलं की अर्धा गोंधळ संपतो.

एक मोठा सप्लाय, वर सांगितला तो, स्पीकरना ताकद देणारा. तो फक्त गाणं ऐकताना चालू असतो. दुसरा एक छोटा, चोवीस तास जागा, त्याला स्टँडबाय सप्लाय म्हणतात. रिमोटचं बटण दाबल्यावर ते कळायला आत कोणीतरी जागं हवं ना, तर हा त्या जागणाऱ्याचा पगार. सोसायटीचा वॉचमन समजा, सगळे झोपलेले असतात पण तो गेटवर खुर्ची टाकून असतो. तुम्ही बटण दाबलं की वॉचमन एक रिले ओढतो (रिले म्हणजे विजेने चालणारा खटका, 'टिक्' आवाज त्याचाच), त्याने मोठा ट्रान्सफॉर्मर चालू होतो, मग तो दोन-चार सेकंद सगळं तपासतो, आणि सगळं ठीक असेल तर दुसरा रिले ओढून स्पीकर जोडतो. म्हणजे चांगला रिसीव्हर सुरू होताना दोनदा टिक् म्हणतो, मधे थोडा वेळ जाऊन.

आधी हा छोटा सप्लाय पण साध्या लहान ट्रान्सफॉर्मरचा असायचा आणि वर्षानुवर्षं टिकायचा. मग युरोपात नियम आला की बंद असलेल्या उपकरणाने २०१० पासून १ वॅटपेक्षा आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटपेक्षा जास्त वीज खायची नाही, आणि कंपन्या सगळ्या जगासाठी एकच डिझाइन बनवतात, त्यामुळे आता बहुतेक डब्यांत तिथे मोबाइल चार्जरसारखा स्विचिंग सप्लाय असतो, ज्याला एसएमपीएस म्हणतात. वीज खूपच कमी खातो, नियम चांगलाच आहे, पण त्यात भाग जास्त असतात आणि भाग जास्त म्हणजे बिघडायच्या जागाही जास्त.

झाकण न उघडता किती कळतं? बरंच

सगळ्यात आधी सॉकेट. हसू नका, त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून बघा. मग स्पाइक गार्ड बाजूला काढून वायर थेट भिंतीत. मागे एक वेगळा खटका असतो काही मॉडेलना, तो दिवाळीच्या सफाईत दाबला जातो. आणि वायर निघणारी असेल तर दुसरी लावून बघा, दोन गोल भोकांची, आठच्या आकड्यासारखी असते ती ढिली होते.

मग रिसीव्हरच्या मागचं सगळं काढा. सगळं म्हणजे स्पीकरच्या तारा, एचडीएमआय, सेट-टॉप बॉक्सची केबल, यूएसबी, सगळं (आधी मोबाइलने फोटो काढून ठेवा, नाहीतर परत जोडताना भांडणं होतात). पंधरा-वीस मिनिटं प्लग काढून ठेवा. मग नुसती पॉवरची वायर लावा आणि बटण दाबून कान देऊन ऐका.

काहीच नाही, ना दिवा ना टिक्. म्हणजे वॉचमनच झोपलाय. दोष वायरमध्ये, फ्यूजमध्ये किंवा स्टँडबाय सप्लायमध्ये.

लाल दिवा आहे पण बटण दाबून टिक् येत नाही. वॉचमन जागा आहे पण रिले ओढता येत नाहीये, किंवा त्याला मिळणारे ५ व्होल्ट साडेतीन-चारच झालेत, म्हणजे अर्धपोटी ड्यूटी चाललीये. यात मला सगळ्यात जास्त वेळा म्हातारे कंडेन्सर सापडलेत.

टिक् होतं, दोन-तीन सेकंदांनी परत टिक्, आणि दिवा लुकलुकतो. ही प्रोटेक्शन. म्हणजे सप्लाय मेलेला नाहीच, डब्याने स्वतःहून मागे पाय घेतलाय कारण आत किंवा बाहेर कुठेतरी धोका दिसलाय. आता मागच्या सगळ्या तारा काढल्यावर ही लुकलुक गेली का? गेली असेल तर तुमचा रिसीव्हर ठणठणीत आहे, स्पीकरच्या तारेचा एखादा केसाएवढा धागा शेजारच्या पिनला टेकलेला असतो. हा दोष मी इतक्या घरांत बघितलाय, आणि त्यातल्या दोन घरांत दुकानाने "सप्लाय गेला" सांगून डबा ठेवून पण घेतला होता.

लुकलुक गेली नाही तर मग पुढचं वाचा, आणि ही प्रोटेक्शन बायपास करून देतो असं कोणी म्हटलं तर डबा उचलून घरी आणा. ती स्पीकरना वाचवते, स्पीकरमध्ये थेट डीसी गेली तर आतली गुंडाळी जळते, कधी कधी धूर निघेपर्यंत.

"फ्यूज बदलून बघायला काय जातंय?"

हा प्रश्न सगळे विचारतात. जुन्या घरांत चिनीमातीचे किटकॅट फ्यूज असायचे, उडाला की तारेचा तुकडा बांधायचा आणि काम चालू, ती सवय आपल्या हातात बसलीये. रिसीव्हरमध्ये ती महाग पडते.

आतला फ्यूज काचेचा, साधारण २० मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर जाड. त्याच्या टोपीवर आकडा असतो, समजा टी ६.३ ए. यातलं टी महत्त्वाचं, म्हणजे सावकाश उडणारा. मोठा ट्रान्सफॉर्मर चालू होताना आणि रिकाम्या टाक्या भरताना पहिल्या क्षणाला खूप जास्त करंट ओढला जातो, एवढ्याने फ्यूज उडायला नको म्हणून सावकाश. त्या जागी एफचा, म्हणजे झटकन उडणारा, लावला तर चांगला डबासुद्धा रोज फ्यूज उडवेल. जास्त अँपिअरचा लावला तर फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळेल. आणि चांदीचा कागद गुंडाळणाऱ्यांशी तर मला बोलायचंच नाही.

पण उडालेला फ्यूज टाकून देऊ नका, तो नीट बघा, तो साक्षीदार आहे. काच स्वच्छ आहे आणि तार नुसती मधे तुटलीये, तर म्हातारपणाने किंवा एखाद्या झटक्याने गेला असेल, अशा वेळी त्याच मापाचा नवा एकदा लावून बघणं ठीक. काच आतून काळी किंवा आरशासारखी चंदेरी झालीये, म्हणजे तारेची वाफ झाली, म्हणजे पुढे कुठेतरी सरळ शॉर्ट आहे. तिथे नवा फ्यूज लावणं म्हणजे फुटलेल्या पाइपला पाणी सोडून बघणं. तो उडणारच आणि जाता जाता अजून दोन भाग घेऊन जाईल.

सिरीज बोर्ड, आपल्या वायरमनचं सगळ्यात शहाणं हत्यार

मग शॉर्ट आहे की नाही हे न जाळता कसं बघायचं? आपल्या प्रत्येक जुन्या रिपेअर दुकानात एक लाकडी बोर्ड असतो, एक होल्डर, त्यात पिवळा बल्ब, आणि एक सॉकेट. वीज आधी बल्बमधून जाते आणि मग सॉकेटमध्ये लावलेल्या वस्तूला. परदेशातले हौशी लोक हे मोठ्या कौतुकाने बनवतात, आपल्याकडे ते टेप रेकॉर्डरच्या काळापासून भिंतीला टांगलेलं आहे.

यात १०० वॅटचा बल्ब असेल तर आतला डबा पूर्ण शॉर्ट असला तरी अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊच शकत नाही, बल्ब सगळा भार स्वतःवर घेतो. रिसीव्हर लावल्यावर बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला, तर टाक्या भरल्या आणि सगळं बरं आहे. उजळला आणि उजळलेलाच राहिला, तर शॉर्ट. बल्ब अजिबातच लागला नाही तर शॉर्ट नाही, एकतर वॉचमनने रिले ओढलाच नाहीये, किंवा वाट कुठेतरी तुटलीये, फ्यूज, खटका, किंवा ट्रान्सफॉर्मरच्या आत गुंडाळीत दडवलेला थर्मल फ्यूज, जो ट्रान्सफॉर्मर फार तापला की एकदाच उडतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा, बल्ब तारेचाच हवा, एलईडी चालत नाही, आणि सिरीजवर डबा जोरात वाजवायचा नाही, तेवढी वीज त्याला मिळत नाही म्हणून तो प्रोटेक्शनमध्ये जाईल आणि आपण उगाच घाबरू.

हे मुद्दाम एवढं सांगतोय कारण मेकॅनिक चांगला आहे की नाही हे ओळखायची माझी खूण हीच. उडालेल्या फ्यूजचा डबा जो थेट भिंतीत लावतो त्याच्याकडे मी देत नाही.

झाकण कोणी उघडायचं

ज्याला मल्टिमीटर धरता येतो त्यानेच. हे भीती घालायला नाही लिहीत. २३० व्होल्ट हा सरासरीसारखा आकडा आहे, हेलकाव्याचं टोक ३२५ व्होल्टला जातं, आणि एसएमपीएसमधला मोठा कंडेन्सर बरोबर त्या टोकापर्यंत भरून बसतो. प्लग काढल्यावर पण काही वेळ भरलेला राहू शकतो. मोठ्या सप्लायच्या दोन टाक्या, साधारण १०,००० मायक्रोफॅरडच्या (हे टाकीचं माप), त्यांच्यात व्होल्ट कमी पण साठा मोठा, स्क्रूड्रायव्हरने टेकवून रिकाम्या करतात काही लोक, फट्ट आवाज येतो आणि मजा वाटते, पण त्यात बोर्डची पट्टी उडते, कंडेन्सरला इजा होते आणि डोळ्यात ठिणगी जाऊ शकते. होल्डरमधल्या बल्बच्या दोन तारा लावून सावकाश रिकाम्या करायच्या आणि मग मीटरने शून्य आहे का बघायचं. चालू डब्यात मोजताना एक हात खिशात. जुने लोक शिकवतात ते बरोबर आहे, दोन हात दोन ठिकाणी लागले तर वाट छातीतून जाते.

"पण विजेच्या झटक्यानेच गेला ना?"

काकांचं पण हेच म्हणणं होतं. लाइट गेली आणि आली, मग हा बंद, म्हणजे झटका बसला. साहजिक वाटतं. पण बऱ्याचदा खरं कारण वेगळंच असतं आणि मला वाटतं हे सगळ्यांना माहीत व्हायला हवं.

कंडेन्सरच्या आत ओलसर रसायन असतं. उष्णतेने ते वर्षानुवर्षं हळूहळू सुकतं. त्यावर लिहिलेलं असतं १०५ डिग्री, आणि कंपनीच्या कागदात त्याचं आयुष्य, समजा २००० तास, म्हणजे सतत १०५ डिग्रीत ठेवला तर. ढोबळ नियम असा की तापमान १० डिग्रीने उतरलं की आयुष्य दुप्पट. आता हिशोब करा, आत ५५ डिग्री असेल तर आयुष्य ६४,००० तास, आणि वर्षाचे तास ८७६०, म्हणजे सव्वासात वर्षं. तुम्ही त्या डब्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवला, त्यावर क्रोशाचा रुमाल टाकला आणि आत ६५ डिग्री झाले, की तेच आयुष्य साडेतीन-पावणेचार वर्षांवर आलं. आणि स्टँडबाय सप्लाय चोवीस तास चालतो, तुम्ही महिनाभर गाणं ऐकलं नाही तरी त्याचे तास मोजले जातातच.

सुकलेल्या कंडेन्सरचा आतला अडथळा वाढतो, याला ईएसआर म्हणतात. गंमत अशी की गरम असताना हा अडथळा कमी असतो आणि थंड झाल्यावर वाढतो. म्हणजे सप्लाय चालू आहे तोवर कसाबसा चालत राहतो, स्वतःच्याच उबेवर. लाइट जाते, डबा थंड होतो, आणि परत सुरू व्हायला जो जोर लागतो तो मिळत नाही. एसएमपीएस सुरू करून देणारा एक अगदी छोटा कंडेन्सर असतो, शेंगदाण्याएवढा, २२ नाहीतर ४७ मायक्रोफॅरडचा, त्याच्यामुळे हे सगळ्यात जास्त होतं. तो फुगलेला दिसेलच असं नाही. साध्या मीटरवर त्याचं माप पण कधी कधी ठीक येतं, ईएसआर मीटर लावल्यावर कळतं. ज्या सप्लायला आता हा त्रास आहे आणि हेअर ड्रायरने थोडं गरम केल्यावर तो उठून बसतो, तिथे मला पुढे शंकाच राहत नाही.

म्हणजे लाइट जाण्याने तो मेला नाही. तो आधीच आजारी होता, लाइट जाण्याने नुसतं उघड झालं.

खरा झटका बसलेला पण असतोच, पण त्याच्या खुणा वेगळ्या. निळ्या-पिवळ्या बिस्किटासारखा व्हॅरिस्टर, जो जास्त व्होल्ट स्वतःवर घेतो, तो काळा पडलेला किंवा फुटलेला, फ्यूज चंदेरी, एसएमपीएसच्या आयसीला, म्हणजे काळ्या चिपला, खड्डा, आणि जळका वास.

सप्लाय नुसता बळी पडलेला असतो तेव्हा

फ्यूज परत परत उडतोय, आणि ब्रिजचे (रेक्टिफायरची ती चौकट) चारही डायोड मीटरवर बरोबर येताहेत, एका बाजूने अर्धा-पाऊण व्होल्ट आणि उलट बाजूने काही नाही, तर सप्लायला सोडा आणि पुढे बघा. स्पीकरना ताकद देणारे ट्रान्झिस्टर, ॲल्युमिनियमच्या पंखांना स्क्रूने आवळलेले, त्यातला एखादा आतून शॉर्ट झाला की तो सगळी टाकी एकट्याने ओढतो आणि फ्यूज उडतो. लग्नकार्यात किंवा गणपतीत घरचा रिसीव्हर आठ तास फुल आवाजात वाजवला की हे हमखास. एका चॅनलचा एक गेला तर त्याचा जोडीदार आणि मागचे छोटे रेझिस्टर पण तपासावे लागतात, नुसता एक बदलला तर नवा पण जातो.

इथे आपल्या बाजारातली अडचण सांगतो. महाराणी रोडवर पार्ट मिळतात, मी पण तिथूनच घेतो, पण पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये नकली माल सगळ्या देशात फिरतोय, वर नाव बरोबर आणि आत चिप बारीक. मोठ्या कंडेन्सरचं पण तसंच, मोठ्या डब्यात छोटा भरलेला. वजनाला हलका लागला तर परत करा.

दुसरा खरा गुन्हेगार एचडीएमआयचा बोर्ड. पावसाळ्यात विजेचा झटका गच्चीवरच्या डिशच्या केबलमधून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयच्या तारेतून रिसीव्हरमध्ये येतो, आणि आपण मात्र पॉवरचा प्लग काढून निर्धास्त बसलेले असतो. तो बोर्ड शॉर्ट झाला की ५ व्होल्टचा सप्लाय खाली ओढला जातो आणि डबा मेल्यासारखा दिसतो. मेकॅनिकने तो जोड काढून सप्लायचे व्होल्ट परत वर येतात का बघितलं का, एवढं विचारा.

"मुलाने अमेरिकेहून आणलाय, लावला आणि गेला"

हे इंदूरच्या मराठी घरांत आता दर वर्षी ऐकतो. मागच्या पट्टीवर वाचा, १२० व्होल्ट ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर तो आपल्या भिंतीत लावायचा नाही, जपानहून आणलेल्यावर १०० लिहिलेलं असतं. लॅपटॉपचा चार्जर दोन्हीकडे चालतो म्हणून हा पण चालेल असं वाटतं, पण मोठ्या ट्रान्सफॉर्मरवाल्या डब्यात तसं नसतं. दुप्पट व्होल्ट मिळाले की फ्यूज लगेच उडाला तर नशीब, नाहीतर स्टँडबाय सप्लाय जातो. अशा डब्यात आधी फ्यूज आणि व्हॅरिस्टर बघायचे, कधी कधी तेवढ्यावर निभावतं. आणि पुढे वापरायला चांगला जड, तांब्याच्या गुंडाळीचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, पट्टीवर लिहिलेल्या वॅटपेक्षा मोठा. विमानतळावर मिळणारे हलके कन्व्हर्टर याला चालत नाहीत.

"स्टॅबिलायझर लावला होता तरी?"

स्टॅबिलायझर सावकाश काम करतो, आतला रिले हलायला काही मिलिसेकंद लागतात. विजेचा झटका मायक्रोसेकंदात येऊन जातो, त्याला रिले कुठून पुरणार. झटक्यासाठी व्हॅरिस्टरवाला सर्ज प्रोटेक्टर लागतो, आणि व्हॅरिस्टर झिजतो, दोन-तीन मोठे पावसाळे झाले की बदललेला बरा. अर्थिंग नसेल तर तो पण अर्धाच कामाचा.

न्यूट्रल तुटला की वेगळीच आफत. खांबावर तीन फेजचा न्यूट्रल सुटला की कोणाच्या घरात १५० तर कोणाच्या घरात ३५० व्होल्ट, दोन फेजमधलं अंतरच चारशेच्या वर असतं ना. दिवे अचानक झगझगीत झाले आणि शेजारच्यांचे मंद, तर मेन बंद करायला धावा, तिथे कोणताही स्पाइक गार्ड फार वेळ टिकत नाही.

"एवढं करण्यापेक्षा साउंडबार घेतला तर?"

घ्या, घरात जागा नसेल, सिनेमाच बघायचा असेल तर काही वाईट नाही. पण ज्यांच्याकडे चांगले स्पीकर आहेत त्यांनी दहा वर्षांचा रिसीव्हर भंगारात देण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं घ्यावीत. ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे का, आणि एचडीएमआय-प्रोसेसरचा बोर्ड शाबूत आहे का. दोन्ही हो असतील तर बाकी सगळं, ब्रिज, कंडेन्सर, रेग्युलेटर, रिले, ट्रान्झिस्टर, बाजारात सुटं मिळतं आणि खर्च मुख्यतः मेकॅनिकच्या वेळेचा, तो त्याला द्यावा, घासाघीस करू नये. दोन्हीतलं एक नाही असेल तर मीच सांगेन की सोडून द्या, जुन्या मॉडेलचा तो बोर्ड मिळणं कठीण आणि ट्रान्सफॉर्मर परत गुंडाळून घेणं सगळ्यांना जमत नाही. काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून परत मागा, चांगला माणूस आनंदाने देतो.

काकांचा डबा

मी शनिवारी पेचकस आणि सिरीज बोर्ड घेऊन गेलो. फ्यूज चांगला. सिरीजवर बल्ब लागलाच नाही म्हणावं इतका कमी, म्हणजे शॉर्ट नाही. एसएमपीएसच्या मोठ्या कंडेन्सरवर ३२० व्होल्ट होते, म्हणजे तिथपर्यंत वीज येत होती, पुढे ५ व्होल्टच्या जागी मीटरवर काटा नुसता उसळून खाली येत होता, सुरू व्हायचा प्रयत्न आणि परत बंद. काकू म्हणाल्या, "अरे, हा बिचारा श्वास घेतोय की." ड्रायर त्यांनीच आणून दिला. शेंगदाण्याएवढ्या त्या कंडेन्सरला मिनिटभर ऊब दिली आणि समोर लाल दिवा लागला.

तो आणि त्याच्या शेजारचे तीन बदलले, मागच्या बाजूला रेग्युलेटरच्या पायाशी सोल्डरला गोल चीर पडली होती ती पण परत भरली, आणि रात्री साडेनऊला दोनदा टिक् होऊन गाणं लागलं. सेट-टॉप बॉक्स आता खालच्या कप्प्यात गेलाय, आणि काका रात्री झोपताना भिंतीचा खटका बंद करतात. डाव्या चॅनलला अगदी हलकी घरघर आहे, कान स्पीकरला लावला तर ऐकू येते, १०० हर्ट्झचीच. काकांना ती ऐकू येत नाही म्हणे, पण मी मोठ्या टाक्यांचं माप आणि व्होल्ट वहीत लिहून आणलेत, पाऊस उघडला की त्या पण बदलू.